यंत्राच्या वाक्यांची वेगळी वही

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीत रोज सकाळी भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी हातगाडी फाटकापाशी लावली, कमरेच्या बटव्यातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. “ताई, एवढं वाचा बरं. शेवटचा हप्ता भरला म्हणून ह्यात लिहिलंय. मग ही माणसं आणखी पैसे कशाचे मागत्यात?”

हातगाडीसाठी मावशींनी एका पतसंस्थेतून कर्ज काढले होते. हंगामात चार पैसे जास्त हाताशी आले की त्या हप्त्यापेक्षा थोडी जास्त रक्कम भरत. संस्थेने सभासदांसाठी फोनवरचे ॲप काढले होते. त्याच्या पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहिले होते : ‘शेवटचा हप्ता’. त्याखाली जून महिन्यातली तारीख आणि ‘भरला’ हा शब्द. मावशींनी ते वाचले, कर्ज फिटले असे समजून गाडीवर नारळ फोडला आणि पुढचे दोन महिने काही भरले नाही. आता दंडव्याजाची नोटीस आली होती.

मी पडदा पाहिला आणि माझे हात गार पडले. ते मराठी माझे होते. मी व्यवसायाने अनुवादक आहे. त्या ॲपच्या वाक्यांची फाइल एका मध्यस्थ कंपनीकडून माझ्याकडे आली होती. हजाराच्या वर ओळी होत्या, डाव्या रकान्यात इंग्रजी आणि उजवा रकाना रिकामा. त्यात एक ओळ होती ‘लास्ट इन्स्टॉलमेंट’. मी समोर लिहिले ‘शेवटचा हप्ता’ आणि पुढच्या ओळीवर गेले. इंग्रजीतला ‘लास्ट’ म्हणजे अखेरचाही आणि नुकताच झालेलाही. मराठीतला ‘शेवटचा’ बहुतेकदा शेवटच सांगतो.

चूक माझी होती, हे आधीच सांगते. पण ती घडली कशी याचा शोध घेताना मला एका अशा व्यवस्थेचा पत्ता लागला, जिच्यात मी वर्षानुवर्षे काम करत होते आणि जिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. आज आपल्या फोनवर, बँकेच्या यंत्रावर, रेल्वेच्या तिकीटखिडकीच्या पडद्यावर जे मराठी दिसते, ते तिथे येते कसे? त्याचे हे उत्तर.

आज्ञा वेगळ्या, वाक्ये वेगळी

संगणकाची आज्ञावली ही सूचनांची लांबलचक यादी असते. ही रक्कम त्या रकमेतून वजा कर, उरलेली शून्याहून कमी असेल तर अमुक कर, वगैरे. या आज्ञा यंत्रासाठी असतात. त्यांच्या अधूनमधून माणसांसाठी लिहिलेली वाक्येही पेरावी लागतात. ‘रक्कम अपुरी आहे’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ ही अशी वाक्ये. सुरुवातीच्या काळात प्रोग्रामर ती आज्ञांच्या ओळींमध्येच लिहून टाकत. पोळीच्या कणकेत मीठ मळावे तशी ती आज्ञावलीत मिसळलेली असत.

तोपर्यंत एकच भाषा होती म्हणून काही बिघडत नव्हते. दुसऱ्या भाषेची गरज पडली की अडचण सुरू होई. फ्रेंच आवृत्ती हवी, तर आज्ञावलीची अख्खी प्रत काढायची, तिच्यातली इंग्रजी वाक्ये हुडकायची आणि एकेक बदलायची. अनुवादकाला प्रोग्रामिंग येत नसे आणि प्रोग्रामरला फ्रेंच येत नसे. एखादे अवतरणचिन्ह चुकून पुसले गेले तरी प्रोग्राम बंद पडे. शिवाय प्रती दोन झाल्यावर मूळ प्रतीतली हिशेबाची चूक दुरुस्त केली, तरी दुसऱ्या प्रतीत ती तशीच राही. दहा भाषा म्हणजे दहा प्रती आणि प्रत्येक दुरुस्ती दहा वेळा.

यावरचा उपाय ऐकायला साधा आहे. वाक्ये आज्ञावलीतून काढून एका वेगळ्या वहीत लिहायची. आज्ञावलीत फक्त ‘वहीतले अमुक वाक्य इथे दाखव’ अशी खूण ठेवायची. मग भाषा बदलायची म्हणजे वही बदलायची. यंत्राचे काम करणारा भाग एकच राहतो, आणि त्याच्या शेजारी मराठीची वही, तमिळची वही, जपानीची वही अशा कितीही वह्या ठेवता येतात.

१९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकात ही विभागणी मुळातच केलेली होती. तिथे प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलचे दोन भाग असत. त्यांपैकी ‘रिसोर्स फोर्क’ नावाच्या भागात मेनूंमधले शब्द, चौकटींमधला मजकूर, चित्रे असे सामान असे. ‘रेसएडिट’ नावाच्या साधनाने आज्ञांना हात न लावता हा मजकूर बदलता येई. युनिक्स संगणकांच्या जगात आधी क्रमांकांची पद्धत आली. प्रत्येक वाक्याला एक आकडा द्यायचा आणि आज्ञावलीत तो आकडा लिहायचा. पण आज्ञावली वाचणाऱ्याला ‘वाक्य क्रमांक ४१७’ यातून काहीच बोध होत नसे, आणि आकड्यांचा मेळ चुकला की भलतेच वाक्य पडद्यावर येई.

मग सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत ‘गेटटेक्स्ट’ ही पद्धत तयार झाली. १९९५ साली ग्नू प्रकल्पाने तिची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. तिच्यात आकड्याऐवजी मूळ इंग्रजी वाक्यच खूण म्हणून वापरतात. एक साधन आज्ञावलीतून फिरून सगळी वाक्ये गोळा करते आणि त्यांची यादी बनवते. यादीत प्रत्येक नोंदीला दोन ओळी असतात. पहिलीत मूळ वाक्य, दुसरीत अनुवादासाठी रिकामी जागा. भरलेली यादी यंत्राला पटकन वाचता येईल अशा रूपात बांधली जाते. प्रोग्राम सुरू झाल्यावर वापरणाऱ्याची भाषा पाहतो, त्या भाषेच्या यादीत वाक्य शोधतो आणि सापडले तर दाखवतो. नाही सापडले तर इंग्रजीच दाखवतो. अर्धा पडदा मराठी आणि अर्धा इंग्रजी का दिसतो, याचे उत्तर बहुधा एवढेच असते : वहीतली ती ओळ कोणी भरलेली नसते.

अँड्रॉइड फोनमध्ये हीच कल्पना कप्प्यांच्या रूपात आहे. ‘व्हॅल्यूज’ नावाच्या कप्प्यात मूळ वाक्यांची फाइल असते आणि ‘व्हॅल्यूज-एमआर’ मध्ये मराठी वाक्यांची. ‘एमआर’ हे मराठीचे आंतरराष्ट्रीय दोन-अक्षरी चिन्ह. शेजारच्या कोकणीला दोन अक्षरांचे चिन्ह मिळालेले नाही, तिचे चिन्ह ‘केओके’ असे तीन अक्षरांचे आहे.

या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत ‘इंटरनॅशनलायझेशन’ असे लांबलचक नाव आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमध्ये १८ अक्षरे येतात, म्हणून या क्षेत्रातली माणसे त्याला ‘आय-१८-एन’ म्हणतात.

आपल्याकडे वहीच्या आधी लिपीचाच प्रश्न होता. वाक्ये वेगळी ठेवली, पण ती देवनागरीत लिहायची कशी? पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी जिस्ट तंत्रज्ञान पुढे आणले, इस्की ही भारतीय लिपींची संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. ही पायाभरणी झाल्यावरच मराठीची वही जगातल्या कोणत्याही प्रोग्रामच्या शेजारी बसू शकली. गेटटेक्स्टसारखी साधने मुक्त असल्याने त्यासाठी कोणाच्या परवानगीचीही गरज उरली नाही. विक्रीच्या हिशेबात न बसणाऱ्या भाषांना त्यामुळे दार उघडले. चार स्वयंसेवकांनी रात्री जागून याद्या भरल्या, की त्यांच्या भाषेत संगणक बोलू लागे.

वाक्य सुटे झाले, व्याकरण सुटे होईना

इथपर्यंत सारे सुरळीत वाटते. पण भाषा म्हणजे सुट्या शब्दांची गोणी नव्हे, हे प्रोग्रामरांना हळूहळू कळले.

पहिली अडचण जोडवाक्यांची. प्रोग्रामरला काटकसर प्रिय. ‘फाइल काढली’, ‘फोल्डर काढला’, ‘चित्र काढले’ अशी तीन वाक्ये लिहिण्याऐवजी तो इंग्रजीत एकच साचा करतो : मोकळी जागा आणि तिच्यापुढे ‘डिलीटेड’. मोकळ्या जागेत वस्तूचे नाव यंत्र भरते. इंग्रजी क्रियापदाला कर्माच्या लिंगाशी देणेघेणे नसल्याने तिथे हे चालते. मराठीत मात्र काढला, काढली की काढले, हे नाव कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

दुसरी अडचण शब्दक्रमाची. ‘पेज ३ ऑफ १०’ मध्ये आधी ३ आणि मग १०. मराठीत ‘१० पैकी ३ रे पान’ असे म्हणायचे तर आकड्यांची जागा उलटते. सुरुवातीचे साचे मोकळ्या जागा क्रमानेच भरत. पुढे प्रत्येक जागेला ‘पहिली’, ‘दुसरी’ अशी खूण देता येऊ लागली आणि अनुवादकाला त्या हव्या तशा फिरवता आल्या.

तिसरी अडचण अनेकवचनाची. इंग्रजीत एक आणि अनेक, अशी दोनच रूपे. जपानीत संख्येने रूप बदलत नाही, एकच वाक्य पुरते. रशियनमध्ये १, २१, ३१ यांना एक रूप, २ ते ४ आणि २२ ते २४ यांना दुसरे, ५ ते २० यांना तिसरे. अरबीत सहा रूपांची सोय करावी लागते. हे सगळे नियम प्रोग्रामरने पाठ करावेत अशी अपेक्षा कशी ठेवणार? गेटटेक्स्टने त्यावर काढलेली तोड मला फार आवडते. अनेकवचनाचा नियम एका छोट्या सूत्राच्या रूपात त्या त्या भाषेच्या यादीच्या मथळ्यातच लिहायचा. म्हणजे व्याकरणाचे ज्ञान जिथे असायला हवे तिथे, अनुवादकाच्या वहीत, राहते. मराठीचे सूत्र सोपे आहे : संख्या एक असेल तर पहिले रूप, नाहीतर दुसरे. ‘१ नोंद आली’, ‘५ नोंदी आल्या’.

चौथी अडचण आपली खास. ‘इन’ या इंग्रजी शब्दापुढे गावाचे नाव यंत्राने भरले की झाले. मराठीत गाव स्वतः बदलते. पुणे पुण्यात होते, सातारा साताऱ्यात, कोल्हापूर कोल्हापुरात. सामान्यरूपाचा हा खेळ यंत्राला माहीत नसतो. म्हणून पडद्यावर ‘पुणे मध्ये पाऊस’ असे दिसते आणि वाचणाऱ्याच्या कानाला खडा लागतो. अनुभवी अनुवादक यातून पळवाट काढतात. ते लिहितात, ‘ठिकाण : पुणे’. ‘काढलेली वस्तू : फाइल’. मी या भाषेला अपूर्णविरामाची मराठी म्हणते. व्याकरणात ती बिनचूक असते, पण घरात कोणी तशी बोलत नाही. एखाद्याने दारात उभे राहून ‘आलेली व्यक्ती : काका’ असे सांगावे, तशी ती ऐकू येते.

कधीकधी मात्र मराठीची ठेवण मदतीला येते. पासवर्ड विसरलेल्या माणसाला यंत्राने काय विचारावे? ‘मी विसरलो’ असे बटण केले तर बायका वगळल्या जातात, ‘मी विसरले’ केले तर पुरुष. पण ‘विसरलात?’ असे आदराने विचारले की दोघेही त्यात येतात. आदरार्थी ‘तुम्ही’ने लिंगाचा प्रश्न परस्पर सोडवला.

अलीकडची साधने अनुवादकाच्या हाती आणखी अधिकार देतात. मोझिलाने केलेली ‘फ्लुएंट’ ही पद्धत त्यांपैकी एक. मूळ इंग्रजी वाक्याला एकच रूप असले, तरी त्या वाक्याची लिंगानुसार किंवा संख्येनुसार चार रूपे अनुवादक आपल्या वहीत लिहू शकतो, आणि प्रोग्रामरला त्याची खबरही लागत नाही. युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या भांडारात प्रत्येक भाषेचे वार, महिने, अनेकवचनाचे नियम, आकड्यांतल्या स्वल्पविरामांच्या जागा अशी माहिती एकत्र ठेवलेली असते. १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७ असे लाखांच्या हिशेबाने पडद्यावर दिसते, ते अशा माहितीच्या आधाराने.

सुट्या ओळीचे आंधळेपण

मग माझी ‘शेवटचा हप्ता’ ही ओळ कुठे अडखळली?

मी मध्यस्थ कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने शोध घेऊन सांगितले, की ‘लास्ट इन्स्टॉलमेंट’ हे शब्द ॲपमध्ये दोन ठिकाणी येतात. एक, कर्ज घेताना दिसणाऱ्या परतफेडीच्या तक्त्यात, सर्वांत खालच्या ओळीपाशी. तिथे अर्थ अखेरचा हप्ता असाच होता आणि माझा अनुवाद बरोबर होता. दुसरे, रोजच्या खात्याच्या पडद्यावर, नुकताच भरलेला हप्ता दाखवण्यासाठी. मूळ वाक्य हीच खूण असल्याने साधनाच्या दृष्टीने या दोन जागांचे वाक्य एकच. म्हणून यादीत एकच ओळ आली, आणि एका ओळीचा अनुवाद दोन्हीकडे लागला.

म्हणजे मी ‘मागील हप्ता’ असे दुरुस्त करून मोकळी झाले असते, तर तक्ता चुकला असता. कर्जाच्या अखेरच्या हप्त्याला तो ‘मागील’ म्हणाला असता.

अशा प्रसंगासाठीही पद्धतीत सोय आहे. प्रोग्रामर वाक्याला संदर्भाची चिठ्ठी जोडू शकतो : हे तक्त्यातले, हे खात्यातले. मग यादीत दोन वेगळ्या ओळी येतात. याशिवाय अनुवादकासाठी टीप लिहिता येते. वाक्य कोणत्या फाइलमध्ये कितव्या ओळीवर आहे, हे साधन आपोआप नोंदवतेच. पण या ॲपच्या प्रोग्रामरने चिठ्ठ्या जोडल्या नव्हत्या, कारण इंग्रजीत त्यांची गरज भासली नाही. ओळींचे पत्ते यादीत होते, ते मध्यस्थाने तक्ता तयार करताना गाळले, कारण अनुवादकाला त्यांचा काय उपयोग! आणि मी विचारले नाही, कारण दर ओळीमागे पैसे मिळत होते आणि विचारण्यात वेळ जातो. तिघांनी आपापले काम चोख केले आणि मावशींना दंडव्याज लागले.

वाक्य आज्ञावलीतून वेगळे काढणे ही मोठी सोय आहे, यात मला आजही शंका नाही. पण वाक्य वेगळे काढताना ते त्याच्या जागेवरूनही उचलले जाते. त्याच्या वर काय लिहिले आहे, खाली काय येणार, कोणत्या बोटाने कोणते बटण दाबल्यावर ते उमटते, यांतले काही त्याच्यासोबत वहीत येत नाही. पुस्तकाचा अनुवाद करताना मागचे पान उलटून पाहता येते. इथे मागे पानच नसते. ‘ओपन’ ही एकशब्दी ओळ समोर आली, तर ती ‘उघडा’ अशी आज्ञा आहे की ‘उघडे आहे’ अशी स्थिती, हे सांगणार कोण? ‘फ्री’ म्हणजे मोफत, मोकळे की मुक्त? ‘मे’ हा महिना की शक्यता दाखवणारे क्रियापद?

त्यातच या पद्धतीत एक गंमतशीर धोका आहे. मूळ वाक्य थोडे बदलले, की साधन जुन्या याद्या चाळते, त्यातल्या त्यात जवळचा अनुवाद शोधून तिथे ठेवते आणि त्यावर ‘फझी’ म्हणजे अंदाजी असा शिक्का मारते. माणसाने तपासून शिक्का काढेपर्यंत ते वाक्य पडद्यावर येत नाही. हा शिक्का मला फार प्रामाणिक वाटतो. यंत्र सांगते, की मला नक्की माहीत नाही, तुम्ही बघा. शिक्का न पाहता काढून टाकण्याची घाई माणसेच करतात.

पुढे काय झाले ते सांगून थांबते. दंडव्याज माफ करावे म्हणून मी मावशींबरोबर पतसंस्थेत गेले, चूक माझी असल्याचे लिहून दिले. ॲप हे सोयीसाठी आहे, हिशेब पासबुकाचा धरायचा, असे उत्तर मिळाले. मावशींनी पैसे भरले. निम्मे मी देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही काय मुद्दाम लिवलं व्हतं का?”

ॲपमध्ये मात्र सुधारणा झाली. प्रोग्रामरने दोन जागांना दोन चिठ्ठ्या लावल्या आणि माझ्याकडे दोन ओळी आल्या. पहिलीपुढे मी ‘अखेरचा हप्ता’ लिहिले. दुसरीपुढे ‘मागील हप्ता’ लिहिले, पण या वेळी फाइल लगेच पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी आली तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मावशींना दाखवले आणि विचारले, “यातून काय समजतं?”

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले. “मागील म्हंजे मागं ऱ्हायलेला ना? थकलेला?”

मी कागद परत घेतला. मागे राहिलेला हप्ता! माझ्या मनात हा अर्थ आलाच नव्हता, आणि कोणत्याही शब्दकोशाने मला तो त्या क्षणी सुचवला नसता. “मग भरून झालेला, अलीकडचा, असं सांगायचं तर काय लिहू?”

“ह्याच्या आधी भरलेला हप्ता,” मावशी मेथीची जुडी सोडवता सोडवता म्हणाल्या. “असंच लिवा की सरळ.”

दोन शब्दांच्या जागी तीन शब्द झाले. पडद्यावर ते एका ओळीत मावत नाहीत, अशी तक्रार आली. मी उत्तर पाठवले, की दोन ओळी करा. आता तिथे लिहिलेले आहे : ‘याआधी भरलेला हप्ता’. आणि नव्या कामाची फाइल आली, की ओळींचे पत्ते आणि पडद्यांची चित्रे मिळाल्याखेरीज मी पहिल्या ओळीलाही हात लावत नाही.